मोटार विम्याची कंपनी बदला, पण जमवलेला बोनस सोडू नका

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दारात आता गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. भिवंडीहून कापड आणायचे, जपानी बाजारात किंवा गजानन मार्केटात माल पोहोचवायचा, अंबरनाथच्या एमआयडीसीत पार्टीला भेटायचे, बदलापूरला उधारी वसूल करायची, तर मोटार लागतेच. कोणाची स्वतःची कार असते, कोणाचा छोटा टेम्पो, कोणाकडे दोन्ही. गाडी आली की तिचा विमाही आला, कारण थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पण आम्ही पाहतो की कापडाच्या तागात मीटरमागे आठ आण्यांचा फरक पडला तर जो व्यापारी तासभर घासाघीस करतो, तोच विम्याच्या कागदावर न वाचता सही करतो. वर्षाला काही हजार रुपये जातात आणि नेमके कशाचे जातात हे त्याला ठाऊक नसते. या निष्काळजीपणात सर्वांत जास्त नुकसान होते ते 'नो क्लेम बोनस' या सवलतीचे. विशेषतः एक कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना हा बोनस कित्येकांच्या हातून निसटतो. काही जण हक्क असून मागत नाहीत, तर काही जण हक्क नसताना मागून मोठ्या संकटात सापडतात. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

बोनस म्हणजे काय?

मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई या भागातून होते. तो सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते आणि तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. उदाहरणार्थ, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारसाठी २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या कारसाठी ३,४१६ रुपये असा वार्षिक दर होता. या भागात कोणतीही कंपनी स्वस्त किंवा महाग नसते आणि येथे बोनसही मिळत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला विमेवाले 'ओन डॅमेज' म्हणतात. अपघात, चोरी, आग, पूर यांत आपली गाडी खराब झाली किंवा गेली तर या भागातून पैसे मिळतात. याचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. बोनस मिळतो तो फक्त याच भागावर. वर्षभर आपण या भागातून एकही क्लेम घेतला नाही, तर पुढच्या वर्षीच्या प्रीमियममध्ये सूट मिळते आणि ही सूट वर्षागणिक वाढत जाते.

तिचे कोष्टक सोपे आहे. पूर्ण एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, लागोपाठ दोन वर्षे नाही तर २५ टक्के, तीन वर्षे नाही तर ३५ टक्के, चार वर्षे नाही तर ४५ टक्के आणि पाच वर्षे नाही तर ५० टक्के. त्यापुढे वाढ नाही. कार असो, टेम्पो असो वा स्कूटर, कोष्टक एकच आहे. मात्र मध्ये एक जरी क्लेम घेतला, तरी बोनस एकदम शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. चूक समोरच्या ट्रकवाल्याची असली तरी फरक पडत नाही. आपण आपल्या पॉलिसीवर क्लेम घेतला की बोनस गेला. क्लेम दाखल केलेला असून त्याचा निकाल लागायचा असेल, तरीही बोनस मिळत नाही.

पूर्वी असे नव्हते

आमच्या पिढीतल्या लोकांनी विम्याचा वेगळा जमाना पाहिला आहे. सामान्य विम्याच्या धंद्याचे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीयीकरण झाले आणि न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या उरल्या. दर चौघींचे सारखेच. त्यामुळे कंपनी बदलण्यात काही मतलब नव्हता. एजंट ओळखीचा असला की झाले.

१९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. १ जुलै २००२ पासून मोटार विम्याचे नवे दरपत्रक, म्हणजे 'इंडिया मोटर टॅरिफ', लागू झाले आणि बोनसचे वरील कोष्टक व त्याचे नियम त्यात घालून देण्यात आले. पुढे १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांवर सोपवण्यात आले. तेव्हापासून एकाच गाडीला एक कंपनी बारा हजार सांगते आणि दुसरी नऊ हजार. म्हणजे कंपनी बदलण्याला आता खरा अर्थ आला आहे. दर मोकळे झाले, पण बोनसचे कोष्टक आणि नियम मात्र बाजारात तेच चालू आहेत.

आणखी एक बदल आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पण ओन डॅमेजचा विमा वेगळा, दरवर्षी, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो. थर्ड पार्टी एका कंपनीकडे आणि ओन डॅमेज दुसरीकडे असे चालते. बोनस हा ओन डॅमेजच्या पॉलिसीबरोबर जातो, हे लक्षात ठेवावे.

बोनस कोणाचा?

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बोनस गाडीचा नसतो आणि कंपनीचाही नसतो. ज्याच्या नावावर विमा आहे त्या माणसाचा तो असतो. ही त्याच्या सावधपणाची कमाई आहे. या एका वाक्यातून पुढचे सगळे नियम निघतात.

कंपनीचा नसतो, म्हणून कंपनी बदलली तरी तो आपल्याबरोबर जातो. पुष्कळ एजंट गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून सांगतात की "आमची कंपनी सोडली तर तुमचा बोनस बुडेल." हे खोटे आहे. नवी कंपनी तेवढाच बोनस देऊ शकते, जेवढा जुन्या कंपनीने नूतनीकरणाच्या वेळी दिला असता.

गाडीचा नसतो, म्हणून गाडी विकली तरी बोनस विकला जात नाही. तो विकणाऱ्याजवळच राहतो आणि घेणाऱ्याला मिळत नाही. तसेच नावावर असतो, म्हणून नाव बदलले की अडचण येते. वडिलांनी जिवंतपणी मुलाच्या नावावर गाडी केली, तर वडिलांचा ५० टक्के बोनस मुलाला मिळत नाही. मात्र वडिलांचे निधन झाले आणि गाडी पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्या ताब्यात व वापरात आली, तर तो बोनस त्यांना मिळतो. अशा वेळी घरचे लोक दुःखात असतात आणि या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. कुटुंबातल्या जाणत्या माणसाने ते ठेवावे.

व्यापाऱ्यांसाठी येथे आणखी एक खबरदारी आहे. कार भागीदारीच्या फर्मच्या नावावर असेल तर बोनस फर्मचा असतो, भागीदाराचा नाही. उद्या भागीदारी मोडली आणि कार एका भागीदाराने स्वतःच्या नावावर घेतली, तर बोनसची सुरुवात त्याला नव्याने करावी लागेल. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना इन्कम टॅक्सबरोबर याचाही विचार करावा.

कंपनी बदलताना काय करावे?

कंपनी बदलण्याची योग्य वेळ म्हणजे जुन्या पॉलिसीची मुदत संपण्याची वेळ. बारा महिने पूर्ण झाल्याशिवाय त्या वर्षाचा बोनस पदरात पडत नाही, म्हणून वर्षाच्या मध्येच कंपनी बदलण्याची घाई करू नये. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत आणि नवी पॉलिसी अशी घ्यावी की जुनी ज्या रात्री संपते त्याच मध्यरात्रीपासून नवी सुरू होईल.

दर विचारताना एकच प्रश्न विचारावा: "माझा बोनस धरून किती?" समजा जुन्या कंपनीचा ओन डॅमेजचा दर १२,००० रुपये आहे. ५० टक्के बोनस गेल्यावर भरायचे ६,०००. नवी कंपनी म्हणते, आमचा दर १०,०००. ऐकायला स्वस्त वाटते. पण बोनस न मागता तेथे गेलात तर १०,००० भराल, म्हणजे चार हजार जास्त. बोनस मागून गेलात तर ५,००० भराल, म्हणजे एक हजार कमी. कंपनी तीच आणि दरही तोच, पण बोनस मागितला की नाही यावर पाच हजारांचा फरक पडतो.

नव्या कंपनीला पुरावा द्यावा लागतो. जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस, ज्यावर पुढच्या वर्षीचा बोनस लिहिलेला असतो, किंवा जुन्या कंपनीचे बोनसबद्दलचे पत्र, यांपैकी एक चालते. दोन्ही नसतील तर जुन्या पॉलिसीची प्रत जोडून आपण लेखी जाहीर करायचे की, मागितलेला बोनसचा दर बरोबर आहे आणि संपत असलेल्या पॉलिसीत एकही क्लेम झालेला नाही. याच निवेदनात आपण हेही कबूल करत असतो की हे खोटे ठरले तर ओन डॅमेज भागाचे सर्व फायदे जप्त होतील. मोबाईलवरून पॉलिसी घेताना "मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?" असा जो प्रश्न येतो, त्यावर बोट ठेवणे म्हणजेही हेच निवेदन. तो प्रश्न किरकोळ समजू नये.

येथे पुष्कळ लोक एका साध्या हिशेबात चुकतात. आपल्या हातातल्या पॉलिसीवर जो बोनस छापलेला असतो तो मागच्या वर्षांच्या कमाईचा असतो. समजा पॉलिसीवर ३५ टक्के लिहिले आहे. या वर्षी क्लेम घेतला नसेल तर नव्या कंपनीकडे ३५ नाही, ४५ टक्के मागण्याचा आपला हक्क आहे. आणि या वर्षी क्लेम घेतला असेल तर कागदावर ३५ छापलेले असले तरी आपला हक्क शून्य आहे. छापलेला आकडा पाहून जो तसाच मागतो, तो एकतर स्वतःचे नुकसान करतो किंवा नकळत खोटे बोलतो.

एका खोट्या आकड्याची किंमत

आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या पॉलिसीवर ५० टक्के बोनस छापलेला होता. पण त्याच वर्षी गाडी मागून ठोकली गेली, डिकी आणि बंपर बदलावे लागले, आणि त्यांनी आठ-नऊ हजारांचा क्लेम घेतला. मुदत संपताना नव्या कंपनीचा एजंट दुकानात आला. त्याने जुनी पॉलिसी पाहिली, ५० टक्के लिहिले आणि इंग्रजी फॉर्म पुढे केला. सीझनचे दिवस, दुकानात गर्दी. त्यांनी सही केली. पाच-सहा हजार वाचले असे वाटले.

पुढच्या पावसाळ्यात बदलापूर रोडवर त्यांच्या गाडीला मोठा अपघात झाला. गॅरेजचा अंदाज लाखाच्या वर गेला. सर्व्हेअर आला, फोटो निघाले, आणि नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे बोनसची चौकशी केली. मागच्या वर्षीचा क्लेम उघड झाला आणि निवेदन खोटे असल्याचे कारण देऊन क्लेम नाकारण्यात आला. त्यांचे म्हणणे होते की आपल्याला इंग्रजी येत नाही, फॉर्म एजंटने भरला. पण सही त्यांची होती. महिनोन्महिने पत्रव्यवहार झाला आणि गॅरेजचे बिल शेवटी गल्ल्यातूनच द्यावे लागले. त्या वर्षी ईदच्या मालात घालायचे भांडवल गाडीत गेले.

आमच्यासारखे उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेले अनेक जण इंग्रजी फॉर्मपुढे संकोचतात आणि एजंटवर सोडून देतात. यात शरम वाटण्यासारखे काही नाही. पण सही करण्यापूर्वी दोन गोष्टी घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्याव्यात: बोनसच्या रकान्यात किती टक्के लिहिले आहेत, आणि क्लेमच्या प्रश्नापुढे 'हो' लिहिले आहे की 'नाही'. पॉलिसी हातात आल्यावर पुन्हा एकदा तपासावे आणि चूक दिसली तर ताबडतोब कंपनीला लेखी कळवून फरकाची रक्कम भरावी. अपघातापूर्वी दुरुस्त केलेली चूक काही हजारांची असते. अपघातानंतर तीच लाखांची होते.

कायद्याची दुसरी बाजूही माहीत असावी. ग्राहकाच्या निवेदनावर बोनस दिला, तरी नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला पत्र लिहून खात्री करून घ्यावी आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यावे, असे २००२ च्या दरपत्रकाच्या नियमात होते. कंपनीने प्रीमियम घेताना चौकशी केली नाही आणि क्लेम आल्यावरच केली, या मुद्द्यावर ग्राहक आयोगांनी काही प्रकरणांत ग्राहकाला रक्कम कापून का होईना, भरपाई देवविली आहे. पण इतर प्रकरणांत खोट्या निवेदनामुळे क्लेम पूर्ण नाकारणे योग्य ठरले आहे. म्हणजे तो बेभरवशाचा रस्ता आहे. व्यापाऱ्याने त्यावर विसंबू नये. दयानत ही येथे नुसती नीतीची गोष्ट नाही, ती फायद्याचीही आहे.

क्लेम घ्यावा की न घ्यावा?

छोटे नुकसान झाले की प्रश्न पडतो: क्लेम घ्यायचा की खिशातून दुरुस्ती करायची? बहुतेक लोक फक्त पुढच्या एका वर्षाचा विचार करतात. तो अपुरा आहे.

समजा तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. आज क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे ५० टक्क्यांचे नुकसान: ६,००० रुपये. त्यानंतरच्या वर्षी २० टक्के मिळतील, म्हणजे ३० टक्क्यांचे नुकसान: ३,६००. मग २५ टक्के, नुकसान ३,०००. मग ३५ टक्के, नुकसान १,८००. मग ४५ टक्के, नुकसान ६००. सहाव्या वर्षी पुन्हा ५० टक्के. एकूण नुकसान १५,००० रुपये. याशिवाय प्रत्येक क्लेममध्ये ठरलेली रक्कम मालकालाच सोसावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला ती १,००० रुपये आणि त्यापुढच्या कारला २,००० रुपये असते. म्हणजे या हिशेबाने सोळा हजारांच्या खालच्या नुकसानीसाठी क्लेम घेणे हा घाट्याचा सौदा आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते आणि प्रीमियमही कमी होतो, म्हणून खरा आकडा याहून काहीसा कमी येईल. पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे.

जो आज २० टक्क्यांवर आहे त्याचा हिशेब वेगळा. त्याला पुढे २५, ३५, ४५, ५० असे मिळत गेले असते. क्लेम घेतला तर ते शून्यापासून सुरू होईल. त्याचे पाच वर्षांतले एकूण नुकसान १२,००० च्या प्रीमियमवर ९,६०० रुपये होते. म्हणजे बोनस जितका मोठा, तितका लहान क्लेम टाळावा.

परंतु याचा अर्थ बोनसच्या लोभाने मोठे नुकसान अंगावर घ्यावे असा नाही. आपला भाग उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठचा आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय येथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी असे चढले की महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पुरात गाडी बुडाली तर नुकसान पंधरा हजारांचे नसते. तेव्हा बोनसकडे न पाहता क्लेम घ्यावा, विमा त्यासाठीच आहे. फक्त पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करू नये. सुरू केल्याने इंजिनात पाणी जाऊन बिघाड झाला तर साध्या पॉलिसीत कंपनी तो खर्च नाकारू शकते.

ज्यांचा बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोहोचला आहे त्यांच्यासाठी कंपन्या जादा पैसे घेऊन 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचे संरक्षण देतात. त्यात ठरलेल्या मर्यादेत क्लेम घेतला तरी बोनस कायम राहतो. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात. वर्षात किती क्लेम चालतात आणि पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास हा बोनस धरला जाईल का, हे विचारूनच घ्यावे.

तारखेचे महत्त्व

पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही, तर जमवलेला सगळा बोनस जातो. पाच वर्षांची कमाई एका विसराळूपणात संपते. आणि ९० दिवस म्हणजे सवलतीचे दिवस असे समजू नये. त्या काळात बोनस जिवंत असतो, पण विमा नसतो. अपघात झाला तर एक पैसा मिळणार नाही. शिवाय मुदत संपलेल्या गाडीचा ओन डॅमेज विमा पुन्हा घेताना कंपनी आधी गाडीची तपासणी करते.

गाडी जुनी झाली म्हणून काही जण फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतात. त्यात बोनस साचत नाही. पुढे नवी गाडी घेण्याचा विचार असेल तर हा निर्णय जपून घ्यावा.

गाडी विकताना आणि घेताना

जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्याने सर्वांत आधी आपल्या विमा कंपनीला विक्रीचे कागद आणि जुनी पॉलिसी दाखवून बोनसचे पत्र घ्यावे. विकल्याबरोबर दुसरी गाडी घेतली नाही, तरी जुन्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून तीन वर्षांच्या आत हा बोनस नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा प्रीमियम मोठा असतो. तो समजा ३०,००० रुपये असेल तर ५० टक्क्यांचे पत्र म्हणजे रोख १५,००० रुपयांची बचत. शोरूमवाला स्वतःहून हे सांगेलच असे नाही. त्याने पुढे केलेलाच विमा घेण्याची सक्तीही नाही.

पण गाडीचा वर्ग तोच हवा. कारचा बोनस कारलाच लागतो. कार विकून माल वाहण्यासाठी टेम्पो घेतला, तर कारचा बोनस टेम्पोला लागत नाही. स्कूटरचा बोनस कारला लागत नाही. धंदा वाढवताना वाहन बदलणाऱ्या कारागीर बांधवांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांची या भागात मोठी संख्या आहे. विकणारा सांगतो, "पॉलिसी अजून आठ महिने चालू आहे, ५० टक्के बोनस आहे." त्यावर विश्वासून कल्याण आरटीओत आरसी नावावर करतात आणि विमा तसाच ठेवतात. हे धोक्याचे आहे. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो आणि विकणाऱ्याच्या बोनसची उरलेल्या मुदतीची रक्कम भरावी लागते. ते केले नाही तर गाडी आपली, विमा दुसऱ्याच्या नावावर, आणि गाडीच्या नुकसानीचा क्लेम मात्र कोणालाच नाही, अशी स्थिती होते.

आखाती देशांतून परतणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी अनेक घरांतले लोक सौदी अरेबिया, दुबई, कुवेत येथे वर्षानुवर्षे गाडी चालवून परततात. त्यांना हे माहीत नसते की परदेशात कमावलेला नो क्लेम बोनसही येथे धरण्याची तरतूद दरपत्रकाच्या नियमात आहे. त्यासाठी तेथल्या विमा कंपनीकडून बोनसचा लेखी पुरावा आणावा लागतो आणि तेथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत येथे विमा घ्यावा लागतो. परत येताना पगाराचे दाखले आणि बँकेचे कागद आणतात, त्यात हा एक कागद जोडावा.

तक्रार कोठे करावी?

हक्काचा बोनस कंपनीने दिला नाही किंवा चुकीच्या कारणाने क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. एका महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी लागत नाही आणि वकील लागत नाही. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या यंत्रणेतही तक्रार नोंदवता येते. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न कागदाचा असतो. म्हणून दर वर्षीची पॉलिसी, नूतनीकरणाची नोटीस आणि भरलेल्या फॉर्मची प्रत एका फायलीत ठेवावी. जुनी पॉलिसी नवी आली म्हणून रद्दीत टाकू नये.

थोडक्यात

१. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी दर मागवा आणि बोनस धरूनच तुलना करा.

२. छापलेला आकडा नव्हे, तर या वर्षी क्लेम झाला की नाही हे पाहून पुढचा बोनस मागा.

३. क्लेम घेतला असेल तर तो लपवू नका. फॉर्म एजंटने भरला तरी सही आपली असते.

४. लहान नुकसानीत पाच वर्षांचा हिशेब करा, मोठ्या नुकसानीत बोनसचा मोह सोडा.

५. ९० दिवसांची मर्यादा कधीही ओलांडू नका.

६. गाडी विकताना बोनसचे पत्र घ्या, जुनी गाडी घेताना १४ दिवसांत विमा नावावर करण्याचा अर्ज द्या.

बाजारात गिऱ्हाईकाला दिलेली सूट आपण वहीत लिहून ठेवतो. विमा कंपनीकडून आपल्याला मिळणारी सूटही तशीच वहीत लिहावी: कंपनी, तारीख, टक्के आणि क्लेम झाला की नाही. गाडीच्या कागदांबरोबर ठेवलेली ही चार शब्दांची नोंद कंपनी बदलण्याच्या दिवशी काही हजार वाचवील, आणि अपघाताच्या दिवशी काही लाख.